अँगला कुणालाही मारायचं नाहीये

६१ भाग संपले आणि आता मी भेटेल त्याला धरून विचारतेय, ‘अवतार बघितलंत का?’ लोक म्हणतात, हो, ती निळी माणसं ना? नाही हो, तो जेम्स कॅमेरॉनचा सिनेमा. मी म्हणतेय ते कार्टून, ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’! २१ फेब्रुवारी २००५ ला अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर सुरू झालं, १९ जुलै २००८ ला संपलं. सगळं जग बघून, रडून, अंगावर गोंदवून मोकळं झालं आणि मी आत्ता पोचतेय. ऑफिसातली पंचविशीतली पोरं माझ्याकडे फार मायेने बघतात. ‘मॅडम, ग्यात्सोचा भाग झाला का?’ झाला. ‘रडलात?’ रडले ना!

पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी इथेच थांबून आधी मालिका बघून यावी. खरंच या. लेख कुठे पळून जात नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. जल, पृथ्वी, अग्नी, वायू अशी चार राष्ट्रं. प्रत्येकात काही माणसं आपापलं तत्त्व हवं तसं फिरवू शकतात. मालिकेत त्याला बेंडिंग म्हणतात. चारही तत्त्वं जमणारा जगात एकच असतो, तो अवतार. तो मेला की ठरलेल्या क्रमाने पुढच्या राष्ट्रात पुन्हा जन्मतो. शंभर वर्षांपूर्वी अग्निराष्ट्राने युद्ध पुकारलं आणि नेमका तेव्हाच अवतार बेपत्ता झाला. मग एक दिवस दक्षिण ध्रुवाजवळ कटारा आणि सॉका या भावाबहिणीला हिमनगात गोठलेला एक मुलगा सापडतो. तुळतुळीत डोकं, कपाळावर निळा बाण, अंगावर केशरी-पिवळे कपडे, वय १२. शुद्धीवर आल्या आल्या कटाराला विचारतो, माझ्याबरोबर पेंग्विनवरून घसरगुंडी खेळशील का? हा अँग. सोबत सहा पायांचा उडणारा गवा, त्याचं नाव आप्पा. (आमचे आप्पाकाका हा लेख वाचणार नाहीत अशी आशा आहे.)

मी नागपूरची. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. विहारात बुद्धवंदना आणि पंचशील ऐकतच मोठी झाले. प्राणिहत्येपासून दूर राहीन हे पहिलं शील मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टीचं जे होतं तेच त्याचंही झालेलं: ओठ वंदना म्हणतायत आणि डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार चाललाय. आणि इथे एका अमेरिकी कार्टूनमध्ये एक पोरगा ते एकच शील सोडायचं नाही म्हणून आपल्या जिवाभावाच्या मित्रांशी भांडतोय, स्वतःच्या मागच्या जन्मांशी भांडतोय, जग जळायला आलंय तरी भांडतोय! मला हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?

वायुराष्ट्राचे लोक म्हणजे भिक्खू आणि भिक्खुणी. डोंगरकड्यांवरचे चार मठ, दोन पुरुषांचे, दोन स्त्रियांचे. जेवण शाकाहारी. अवतार कोण हे ओळखायची त्यांची रीत अशी की लहान मुलापुढे हजारो खेळणी मांडायची. अँगने त्यातली नेमकी चार उचलली, आधीच्या अवतारांची होती तीच. हे बघताना मी जागची उठलेच. ही तर तिबेटातली रीत! चौदावे दलाई लामा अगदी लहान असताना शोधपथकाने त्यांच्यापुढे तेराव्या दलाई लामांच्या आणि इतरांच्या वस्तू एकत्र मांडल्या होत्या, आणि त्या पोराने जपमाळ, काठी, छोटा डमरू अशा बरोबर त्यांच्याच वस्तू निवडल्या होत्या. अँगला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या गुरूचं नाव ग्यात्सो. दलाई लामांचं नाव तेन्झिन ग्यात्सो. पुढे २०१२ मध्ये आलेल्या ‘द लेजेंड ऑफ कोरा’मध्ये अँगच्या मुलाचं नाव काय, तर तेन्झिन. मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या निर्मात्यांनी काही झाकून ठेवलेलंच नाही. आमच्या विदर्भात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. येत्या थंडीत स्वेटरच्या दुकानात बसणाऱ्या मावशींना मी विचारणार आहे, तुमच्या नातवंडांनी हे बघितलंय का म्हणून.

ग्यात्सोचा तो भाग पहिल्या पर्वातला फक्त तिसरा आहे. अँगला अजून वाटतंय की घरी गेलं की सगळे भेटतील. मठ रिकामा. तरी तो कटारा-सॉकाला दाखवत सुटलाय, इथे आम्ही हे करायचो, तिथे ते करायचो. आठवणीतला ग्यात्सो दिसतो: एवढा ज्येष्ठ भिक्खू, आणि हवेच्या झोताने फळांचे केक उडवून खाली बसलेल्या भिक्खूंच्या टकलांवर नेम धरतोय! मग एका लेमूरच्या मागे धावत अँग एका मोडक्या आडोशात शिरतो, पडदा बाजूला करतो, आणि समोर बसल्या जागी मेलेल्या माणसाचा सांगाडा. गळ्यात ग्यात्सोचं लाकडी पदक.

अँगचं पुढे काय होतं ते बघून सगळे रडतात, मीही रडले. पण माझं लक्ष भलतीकडेच अडकलं. त्या सांगाड्याभोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांचे सांगाडे पडलेत, शिरस्त्राणं आणि चिलखतांसकट. बरेच. मी भाग थांबवला, मागे नेला, पुन्हा बघितला. म्हणजे ज्याने अँगला जिवाचं मोल शिकवलं, त्याने शेवटच्या घटकेला इथे काय केलं? त्याच्याकडे मुलं लपली होती का? की नुसता संताप? मालिका यावर अवाक्षर काढत नाही, अँगही नाही. चित्र दाखवलं आणि पुढे गेले. पोराबाळांच्या वाहिनीवर!

आणि लढण्याची पद्धत! प्रत्येक बेंडिंगसाठी त्यांनी खरीखुरी चिनी युद्धकला घेतली आहे. जलाला ताई ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला उत्तर शाओलिन, वायूला बाग्वाचांग. या शेवटच्या प्रकारात वर्तुळात चालत राहायचं, समोरच्याच्या रेषेतून सतत बाहेर पडायचं. म्हणून अँगचं भांडण बघायला इतकं मजेशीर असतं. तो वार करतच नाही, असतो तिथे नसतो. समोरचा दमतो, चिडतो, स्वतःच्याच जोराने तोंडावर पडतो. पृथ्वी शिकताना त्याचं सगळं घोडं अडतं ते इथेच, कारण आंधळी टॉफ, वय वर्षं १२, जगातली सगळ्यात खडूस शिक्षिका, त्याला सांगते की बाजूला होऊ नकोस, दगडासमोर दगडासारखा उभा राहा. अहिंसा म्हणजे नुसतं चुकवणं असेल तर मग टॉफचा धडा कशाला? मला वाटतं शेवटच्या भागाची अर्धी तयारी याच धड्यात झालेली आहे, पण ते पुढे.

त्याआधी ‘द ब्लू स्पिरिट’. अँगच्या मागे हात धुवून लागलेला अग्निराष्ट्राचा हद्दपार राजपुत्र झुको आहे. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला भाजल्याचा मोठा डाग. अँग दुसऱ्याच सेनापतीच्या तावडीत सापडतो, आणि आपली शिकार हातची जाऊ नये म्हणून झुको निळा मुखवटा घालून त्याला सोडवायला जातो. सुटताना बाण मुखवट्यावर बसतो, झुको बेशुद्ध. अँग मुखवटा काढतो, बघतो आणि दचकून पळत सुटतो. मग थांबतो. मागे येतो. ज्याने इतके दिवस जीव नकोसा केलाय त्याला उचलून जंगलात नेतो आणि तो शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसून राहतो. सकाळी त्याला सांगतो, शंभर वर्षांपूर्वी माझा एक जिगरी दोस्त होता, कुझॉन, तुमच्याच अग्निराष्ट्रातला. आपण तेव्हा भेटलो असतो तर आपणही मित्र झालो असतो का रे?

झुको उत्तरादाखल आगीचा लोळ फेकतो.

मला हे इतकं आवडलं! मैत्रीभाव दाखवला की समोरचा लगेच विरघळतो असली स्वस्त सोय नाही. झुकोला बदलायला त्यानंतरही जवळजवळ दोन पर्वं लागतात, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अँगचा नाही, चहा पाजणाऱ्या आयरोकाकाचा आहे. शाळेच्या पुस्तकातला अंगुलिमाल एका पानात भिक्खू होऊन जायचा. झुको वाकतो, उठतो, दगा देतो, पुन्हा वाकतो.

अँगही काही धुतल्या तांदळासारखा नाही, बरं का. पहिल्या पर्वाच्या शेवटी उत्तर ध्रुवावर चंद्राचा आत्मा मारला जातो, तेव्हा तो समुद्राच्या आत्म्याशी एकरूप होऊन अख्खं आरमार उलथवतो. त्या जहाजांवर माणसं होती. मालिका त्यांच्याबद्दल जे मौन पाळते ते मला खटकलं. दुसऱ्या पर्वात वाळवंटात आप्पा चोरीला जातो, तेव्हा हा शाकाहारी पोरगा पळून चाललेल्या एका भल्यामोठ्या गांधीलमाशीवर पाठीमागून वार करून तिला खाली पाडतो. गरज नव्हती; ती जातच होती. पुढे आप्पाच्या चोरांसमोर त्याचे डोळे पांढरे चमकायला लागतात, वाळूचं वादळ उठतं, सगळे पळतात आणि कटारा त्या वादळात चालत जाऊन त्याचा हात धरते. अहिंसा त्याला कवचकुंडलांसारखी मिळालेली नाही हे इथे कळतं. रागाच्या भरात ती त्याच्या हातून सुटते, आणि सुटली की काय होतं ते तो पाहून चुकलेला आहे.

सात चक्रांच्या भागावर मी फार वेळ घालवणार नाही. गुरू पथिक कांदा-केळ्याचा रस पितो ही कल्पना थोर आहे, बाकी सगळं योगमार्गातून आणलेलं. मालिकेत बौद्ध, हिंदू, ताओ अशी सरमिसळ सर्रास आहे. माझ्याबरोबर बसून निम्मीअधिक मालिका बघणाऱ्या बाबांची पहिल्यापासून तक्रार होती, ‘एकच जीव पुन्हा पुन्हा जन्मतो, हे काही बुद्धाचं नाही पोरी. बाबासाहेबांनी आत्माबित्मा कधीच मोडीत काढला.’ त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. तरी पुढचा भाग मी लावायच्या आत रिमोट त्यांच्या हातात असायचा.

बाबांना खुर्चीत पुढे सरकून बसवलं ते तिसऱ्या पर्वातल्या ‘द सदर्न रेडर्स’ने. कटाराच्या आईला मारणारा सैनिक कोण ते झुकोला शोधता येतं, आणि कटारा सूड घ्यायला निघते. अँग तिला सांगतो की सूड म्हणजे दोन तोंडांचा साप, एकीकडे शत्रू मरताना दिसतो तोवर दुसरं तोंड आपल्यालाच डसलेलं असतं. ती ऐकत नाही. आणि अँग काय करतो? आप्पाला तिच्या हवाली करतो, जा म्हणतो. त्याची अहिंसा तो दुसऱ्याच्या दुःखावर लादत नाही! सापडतो तो माणूस कसा, तर निवृत्त, म्हाताऱ्या आईची बोलणी खाणारा, बाजारातून भाजी घेऊन पावसात घरी चाललेला. कटारा पाऊस थांबवते. थेंब हवेत जिथल्या तिथे थांबतात, त्यांच्या बर्फाच्या सुया होतात, सगळ्या त्याच्या रोखाने सुटतात आणि वीतभर अंतरावर अडतात. तो गयावया करत म्हणतो, तुझी आई गेली ना, मग माझ्या आईला मार, फिटंफाट!

ती त्याला सोडते. क्षमा मात्र करत नाही. अँग कौतुक करायला जातो तर स्पष्ट सांगते, मी त्याला माफ केलेलं नाही, कधी करणारही नाही. जिवंत सोडणं आणि माफ करणं या दोन गोष्टी तिने इतक्या स्वच्छ वेगळ्या केल्या की मी बाबांकडे बघितलं आणि बाबांनी माझ्याकडे. मग झुको अँगला म्हणतो, तुझं बरोबर होतं, तिला हिंसेची गरज नव्हती. पण माझ्या बापासमोर उभा राहशील तेव्हा काय करशील? अँग गप्प. भाग संपला!

तो बाप म्हणजे अग्निसम्राट ओझाई. धूमकेतू येतोय, त्याने आगीची ताकद कैक पटींनी वाढणार, आणि ओझाई त्या दिवशी अख्खं पृथ्वीराज्य जाळणार आहे. शंभर वर्षांपूर्वी याच धूमकेतूच्या बळावर त्याच्या आजाने, सोझिनने, वायुराष्ट्र संपवलं होतं. मग सगळे मिळून सराव करतात. ओझाई म्हणून एक बुजगावणं उभं करतात, डोक्याच्या जागी कलिंगडासारखं फळ. टॉफ पेटलेले दगड फेकते, प्रत्येकजण आपलं काम चोख करतो, अँग झेप घेऊन त्या फळापर्यंत पोचतो. काठी उगारलेली. आणि नाही मारत. साधं फळ! सॉका येतो, तलवारीने डोकं उडवतो, असं करायचं म्हणतो. रात्री जेवताना वाद पेटतो. अँग म्हणतो, ओझाईला डिंकात चिकटवून टाकलं तर? सगळे हसतात. कटाराला घरात एका गोंडस बाळाचं चित्र सापडलेलं असतं. तिला वाटतं हा लहानपणचा झुको. झुको सांगतो, हे माझे वडील. सगळ्यांचे चेहरे उतरतात. झुकोचं म्हणणं, तेच गोड बाळ पुढे राक्षस झालं. अँगचं म्हणणं, तरी माणूसच आहे ना?

सगळे मित्र एकीकडे, हा एकटा. मालिकेची ताकद मला इथे दिसली, कारण विरुद्ध बाजूला एकही मूर्ख नाही. पुढे तो आपल्या मागच्या चार जन्मांना बोलावतो, की कुणीतरी ‘नको मारूस’ म्हणेल. रोकूने एकदा जुन्या दोस्तीखातर सोझिनला जिवंत सोडलं होतं, त्याचं फळ शंभर वर्षांचं युद्ध. तो म्हणतो कठोर हो. क्योशी म्हणते, जगाला शांती हवी तर आधी न्याय. कुरुकही धीर देत नाही. उरते यांगचेन, ती तर याच्याच वायुराष्ट्रातली भिक्खुणी. अँग तिला अगदी आशेने सांगतो की आपल्या मठात शिकवलं होतं ना, स्वतःच्याच जाळ्यात अडकलेल्या किड्याचाही जीव मोलाचा? ती ते मान्य करते. आणि मग म्हणते की इतर भिक्खू जगापासून अलिप्त होऊन मोक्ष मिळवू शकतात, अवतार नाही. तुझ्या आत्म्याचं काय व्हायचं ते होवो, तू जगाचा आहेस.

बाबा ताडकन म्हणाले, ‘हे तं बोधिसत्त्वाचं झालं!’

झालंच की! महायानातल्या उपायकौशल्य सूत्रात एका जहाजाच्या कप्तानाची कथा आहे. जहाजावर ५०० व्यापारी आणि त्यांना मारायच्या बेतात असलेला एक दरोडेखोर. कप्तान बोधिसत्त्व आहे. व्यापाऱ्यांना सांगावं तर ते दरोडेखोराला मारून पापाचे धनी होतील, न सांगावं तर सगळे मरतील. म्हणून तो स्वतः दरोडेखोराला मारतो, नरक आपल्या वाट्याला येईल हे पत्करून, करुणेने. यांगचेन नेमकं हेच सांगतेय. म्हणजे अँगला हत्येचा सल्ला देणारी ही बाई बौद्ध विचाराच्या बाहेरून बोलत नाहीये, त्याच्या ऐन गाभ्यातून बोलतेय! बाबांनी लगेच दुसरा पुरावा काढला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी मारायची इच्छा आणि मारायची गरज यांत फरक केलाय, आणि बुद्धाची अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम नसून विवेकाने वापरायचं तत्त्व आहे असं मांडलंय. ‘या पोराला इच्छा नाही, गरज हाय,’ बाबा म्हणाले. ‘मारलं तरी त्याचं शील मोडत नाही.’

मग अँग का ऐकत नाही? मी या प्रश्नावर अख्खी रात्र तळमळले, आणि मला जे वाटतं ते असं. मालिकेचं नावच घ्या, शेवटचा एअरबेंडर. सोझिनने माणसं मारली, मठ रिकामे केले. पण त्या माणसांनी जे शिकवलं होतं ते एका पोराच्या डोक्यात बर्फात गोठून शिल्लक राहिलं. चार मठांमधून, शेकडो वर्षांतून उरलेली एकच गोष्ट, जीव घ्यायचा नाही. त्याने ओझाईला मारलं तर जग वाचेल, आणि सोझिनचं अर्धवट राहिलेलं काम त्याच्या नातवाच्या मरणाने पुरं होईल. वायुराष्ट्राचा शेवटचा माणूसही अग्निराष्ट्रासारखा वागला, संपलं वायुराष्ट्र. अँग पुण्य साठवत नाहीये. तो आपल्या मेलेल्या माणसांना आणखी मरू देत नाहीये! आणि म्हणून ते ग्यात्सोभोवतीचे सांगाडे इतके टोचतात. ग्यात्सोने बहुधा ते मोडलं, यांगचेन मोडायला सांगतेय. ज्यांच्याकडून शिकला त्यांनाही जे पेललं नाही ते तो पेलायला निघालाय, वय १२.

लढाई कशी आहे ते लिहून सांगण्यात अर्थ नाही, तरी दोन क्षण सांगतेच. ओझाई विजेचा लोळ सोडतो. विजेला अंगातून वाट करून देऊन परत फिरवायची विद्या आयरोने शोधलेली, झुकोने अँगला शिकवलेली. वीज अँगच्या अंगात आहे, बोटं ओझाईवर रोखलेली आहेत, आणि ओझाईच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती. एका बोटाचं काम. अँग हात वर करतो आणि वीज आभाळात सोडून देतो. त्याची किंमतही त्याला लगेच मोजावी लागते, पुढची काही मिनिटं तो नुसता मार खातो.

दुसरा क्षण अवतार-अवस्थेतला, वाळवंटात डोळे पांढरे चमकले होते तीच ही अवस्था. चारही तत्त्वं त्याच्याभोवती गरगरतायत, ओझाई खडकाला जखडलेला, हजार जन्मांचा आवाज अँगच्या तोंडून शिक्षा सुनावतोय, घाव खाली येतोय. आणि अँग ती ताकदच सोडून देतो. डोळे पुन्हा साधे, करडे. ओझाई त्याला दुबळा म्हणतो आणि पाठीमागून वार करायला जातो. अँग वळूनही बघत नाही. तळपायाने जमिनीतलं कंपन टिपतो आणि त्याचा हात दगडात पकडतो. टॉफचा धडा! चुकवत नाही, पळत नाही, रोवून उभा राहतो. मग एक अंगठा ओझाईच्या कपाळावर, एक छातीवर, आणि त्याची आग कायमची काढून घेतो. त्यात आधी ओझाईचा लाल प्रकाश अँगला जवळजवळ गिळतो, एका डोळ्यापुरता निळा उरतो. समोरच्याला न मारता हात घालायचा तर स्वतः बुडायची तयारी लागते, हे दाखवायला यापेक्षा चांगलं चित्र मी पाहिलेलं नाही.

तक्रार आहेच. ही आग काढून घ्यायची विद्या त्याला आदल्या रात्री समुद्रातलं एक बेटाएवढं सिंहमुखी कासव देतं. न मागता. आधी कुठे फारसा पत्ता नाही. लेखकांनी इतका अवघड पेच घातला आणि सोडवायला कासव पाठवलं, हे मला पचलेलं नाही. हरवलेली अवतार-अवस्था परत येते तीसुद्धा पाठीवरच्या जुन्या जखमेला दगडाचं टोक लागल्यामुळे. त्या सातव्या चक्राचं, आसक्ती सोडण्याचं जे काय होतं ते दगडानेच उरकलं म्हणायचं. बाबांनी नेम धरून विचारलं, ‘कासव नसतं भेटलं तं?’ मी म्हटलं, तरी त्याने काहीतरी काढलं असतं. ‘डिंक?’ बाबा म्हणाले. यावर आमचं भांडण अजून चालू आहे आणि घरात दोन पक्ष पडले आहेत. आई कासवाच्या बाजूची.

माझ्या बाजूला एक पुरावा आहे, तो बाबा भाग संपायच्या आत झोपायला गेल्यामुळे त्यांनी पाहिलेलाच नाही. सगळं उरकल्यावर, झुको सिंहासनावर बसल्यावर, तो तुरुंगात बापाला भेटायला जातो. ओझाई जमिनीवर, केस पिंजारलेले, हातात ठिणगीसुद्धा नाही. झुको लहान असताना त्याची आई एका रात्रीत नाहीशी झाली होती; काय झालं ते आता फक्त या माणसाला माहीत आहे. झुको त्याला विचारतो, माझी आई कुठे आहे? उत्तर मालिकेत नाहीच, तिथेच दृश्य तोडलंय! ते पुढे २०१३ मध्ये आलेल्या ‘द सर्च’ या कॉमिक्समध्ये आहे असं ऑफिसातली पोरं सांगतात. मागवलंय. आलं की आधी मी वाचणार, मग बाबा.